‘जुना’ वाडा इंग्रजीत सांगताना: बडोद्यातील एक प्रकरण अभ्यास

बडोद्याच्या जुन्या शहरात, दांडिया बाजारापासून चालत दहा मिनिटांवर, एका मराठी कुटुंबाचा दुमजली वाडा आहे. कुटुंब त्यात अजून राहते. गेल्या दिवाळीनंतर घरच्यांनी ठरवले की ओटी, चौक आणि माजघर एवढा भाग रविवारी सकाळी पाहुण्यांसाठी खुला ठेवायचा. लक्ष्मी विलास राजवाडा आणि कमाटीबागेतील संग्रहालय पाहून झाल्यावर एखादे राहते मराठी घर आतून पाहावे अशी इच्छा असणारे लोक बाहेरगावाहून आणि परदेशातून येतात, आणि त्यांच्या हाती द्यायला चार पानांचे एक माहितीपत्रक हवे होते. मराठी मजकूर घरातील काकांनी लिहिला. काकांचे वय 78 असून त्यांची मराठी फार नेटकी आहे. इंग्रजी मजकूर त्यांच्या नातीने तयार केला, जी विद्यापीठात विज्ञान शाखेत शिकते. छपाईला देण्यापूर्वी नजर फिरवावी म्हणून दोन्ही मजकूर माझ्याकडे आले, कारण मराठी-इंग्रजी अनुवाद हा माझा रोजचा उद्योग आहे.

या मजकुरात व्याकरणाच्या चुका जवळपास नव्हत्या. क्रियापदे, काळ, वाक्यरचना सगळे जागेवर होते. तरीही वाचताना प्रत्येक दुसऱ्या ओळीला अडखळायला होत होते, आणि ते अडखळणे बहुतेक वेळा एखाद्या विशेषणापाशी येऊन थांबत होते. मी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून मोजणी केली. मराठीत ‘जुना’ हे विशेषण, त्याच्या सर्व रूपांसह, चौदा वेळा आले होते. इंग्रजीत त्या चौदा जागी नऊ वेगवेगळे शब्द होते: ओल्ड, एन्शंट, एज्ड, अँटिक, व्हिंटेज, एल्डरली, आर्केइक, ऑब्सोलीट आणि आउटडेटेड. घर एन्शंट झाले होते, खांब एज्ड, जिना एल्डरली, विहीर व्हिंटेज आणि माळ्यावरच्या जमाखर्चाच्या वह्या ऑब्सोलीट.

नातीला विचारले तेव्हा तिने अगदी सरळ कारण सांगितले. निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये असे तिला शाळेपासून शिकवले होते, म्हणून प्रत्येक ‘ओल्ड’ वर बोट ठेवून मोबाइलने सुचवलेल्या यादीतला एकेक शब्द तिने उचलला होता. ‘‘सगळ्यांचा अर्थ जुनाच आहे ना, काकू?’’ असे तिने विचारले. तिचा प्रश्न प्रामाणिक होता आणि हे सारे प्रकरण त्याच प्रश्नाभोवती फिरते, म्हणून तो येथे जसाच्या तसा ठेवला आहे.

उत्तर देण्याआधी आम्ही एक साधी चाचणी घेतली. तिच्या वर्गात केरळचा एक विद्यार्थी आहे, ज्याला मराठी किंवा गुजराती येत नाही आणि ज्याने हा वाडा पाहिलेला नाही. त्याला इंग्रजी मजकूर वाचायला देऊन विचारले की हे घर तुला कसे दिसते. तो म्हणाला की घर कोसळण्याच्या बेतात असावे, त्यात कोणी राहत नसावे, आणि आतल्या वस्तू बहुधा विक्रीला ठेवल्या असाव्यात. प्रत्यक्षात त्या घराच्या सागवानी खांबांना दर दोन वर्षांनी तेलपाणी होते, सकाळी सहाला चौकात सडा पडतो, आणि ओटीवरच्या झोपाळ्यावर काका रोज वर्तमानपत्र वाचतात. यादीतला कोणताही शब्द शब्दशः खोटा नव्हता, पण सगळे मिळून वाचणाऱ्याच्या मनात भलतेच घर उभे करत होते.

समानार्थी शब्दांची यादी ही वस्तू मुळात कशासाठी आहे, हे येथे सांगायला हवे. इंग्रजीतला सर्वांत प्रसिद्ध समानार्थी कोश पीटर मार्क रॉजेट या डॉक्टरांनी तयार केला आणि तो 1852 साली छापला गेला. ज्याला इंग्रजी शब्द आधीच माहीत आहे पण ऐन वेळी आठवत नाही, त्याला तो आठवून देणे हे अशा कोशाचे काम. शब्द एका कुटुंबातले आहेत एवढे तो सांगतो, कोणाला कुठे बसवायचे ते सांगत नाही. इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी वेगळ्या जातीचा कोश लागतो. तसा कोश जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह केला. तो 1942 साली टोकियोत निघाला आणि 1948 साली ऑक्सफर्डने आपल्याकडून पुन्हा प्रसिद्ध केला. अशा कोशात शब्दाबरोबर वाक्य असते, कोणते नाम त्याच्यासोबत येते ते दिसते आणि बोलण्यातला की लिहिण्यातला हेही कळते. मोबाइलच्या यादीत नातीला पहिल्या जातीची मदत मिळाली, गरज दुसऱ्या जातीची होती.

तिला मी इंग्रजीत काही समजावले नाही. मराठीतच विचारले: ‘जुनी भाकरी’ म्हणशील का? ती हसून म्हणाली, शिळी. वृद्ध इमारत? नाही, जीर्ण. प्राचीन आजोबा? अजिबात नाही. मुरलेले लोणचे आणि जुने लोणचे यांत फरक आहे का? आहे, मुरलेले म्हणजे चांगले झालेले. जुना तांदूळ चांगला की वाईट? चांगला, भात मोकळा होतो. जुनाट दुखणे? वाईट. पाच मिनिटांत तिने मराठीतल्या ‘जुन्या’च्या सात-आठ भावंडांना बिनचूक आपापल्या जागी बसवले, आणि हे तिला कोणी शिकवले नव्हते. शेजारच्या गुजरातीतही असेच आहे, हे बडोद्यात वाढलेल्या मुलीला सांगावे लागले नाही. तिकडे माणूस ‘घरडो’ असतो, पेटी ‘जूनी’ असते आणि काल रात्रीची रोटली ‘वासी’. एका अर्थाचे अनेक शब्द असतात तेव्हा ते क्वचितच एकमेकांच्या जागी बसतात. प्रत्येकाची नामांशी वेगळी सोयरीक असते. ब्रिटिश भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ यांनी 1957 साली मांडलेला विचार हाच, की शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते. त्यांच्या परंपरेतल्या हॅलिडे यांनी दिलेले उदाहरणही नेमके आपल्या घरातले आहे: इंग्रजीत चहा स्ट्राँग असतो, पॉवरफुल नसतो. मराठीत चहा कडक असतो, सुपारी टणक, प्रश्न कठीण आणि मैत्री घट्ट, आणि यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या पाटावर बसत नाही.

यानंतर आम्ही दिनदर्शिकेच्या उलटलेल्या पानांच्या पाठीवर चौदा नामे लिहिली. विशेषण न लिहिता फक्त नाम: वाडा, खांब, जिना, विहीर, झोपाळा, वह्या, शिक्षक, मित्र, स्वयंपाकघर, माणसे, शहर आणि बाकीची. मग प्रत्येक नामासमोर काकांना विचारले की येथे ‘जुना’ च्या उलट तुमच्या मनात काय आहे. माझ्या अनुभवात ही उलटा शब्द विचारण्याची कसोटी फार उपयोगी पडते, कारण समानार्थी शब्द गोंधळ घालतात आणि विरुद्धार्थी शब्द तो सोडवतात. ‘ओल्ड’ या एका इंग्रजी शब्दाला किमान दोन विरुद्ध शब्द आहेत: माणसाबद्दल बोलताना यंग, वस्तूबद्दल बोलताना न्यू. ‘एन्शंट’ च्या समोर मॉडर्न उभा राहतो, जसा आपल्या प्राचीनसमोर अर्वाचीन. ‘स्टेल’ च्या समोर फ्रेश, जसा शिळ्यासमोर ताजा. ‘फॉर्मर’ च्या समोर करंट, जसा माजीसमोर विद्यमान. आणि ‘अँटिक’ च्या समोर धड कोणी उभेच राहत नाही, कारण तो नुसते वय सांगणारा शब्द नसून वस्तूचा दर्जा सांगणारा शब्द आहे.

आता एकेक नाम. सर्वांत आधी वाडा, कारण वाद तिथेच झाला. काकांना एन्शंट हा शब्द आवडला होता. त्यांच्या मते चार पिढ्यांचे घर म्हणजे एन्शंटच. मी त्यांना बडोद्यातच राहून उत्तर दिले. बडोद्याच्या अकोटा भागात 1951 साली जैन धातुमूर्तींचा मोठा ठेवा सापडला आणि त्यातल्या सर्वांत जुन्या मूर्ती 5व्या-6व्या शतकाच्या मानल्या जातात. त्या आज कमाटीबागेच्या संग्रहालयात आहेत. त्याच संग्रहालयात इजिप्तची एक ममी आहे. माणूस सकाळी तिथे जाऊन हे सगळे पाहतो आणि दुपारी आपल्या ओटीवर येऊन एन्शंट हाउस वाचतो, तेव्हा तो एकतर शब्दावर विश्वास ठेवत नाही किंवा घरावर. एन्शंट या शब्दामागे इंग्रजी वाचकाला रोम, ग्रीस, इजिप्त दिसते. इतिहासाच्या पुस्तकात प्राचीन युग साधारण 476 साली पश्चिमेकडील रोमन साम्राज्य संपले तिथे संपते. बोलण्यात मात्र लोक हा शब्द अतिशयोक्ती म्हणूनही वापरतात, जसे आपण जुन्या मोबाइलला पुराणकाळातला म्हणतो, आणि हा दुसरा उपयोग माहितीपत्रकात तर मुळीच नको होता.

मग घर किती जुने, हा प्रश्न आला. काका उठले, माळ्यावरून लाल कापडात बांधलेली एक वही खाली आणली आणि तिचे पहिले पान उघडले. मोडी अक्षरात सुतारांची मजुरी, सागाच्या नगांची संख्या, चुन्याचे पैसे अशा नोंदी आणि वर संवत 1951, म्हणजे इसवी सन 1894-95. पानाच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, पण शाई अजून काळीभोर होती. ती नोंद पाहिल्यावर वाड्यासाठी कोणत्याही विशेषणाची गरजच उरली नाही. ‘‘हा वाडा 1894-95 मध्ये बांधला’’ एवढे वाक्य कोणत्याही एन्शंटपेक्षा जास्त सांगते. चौदांपैकी सहा जागांवर आम्ही हेच केले. विशेषण काढले आणि त्या जागी वर्ष, पिढ्यांची संख्या किंवा पायऱ्यांची उंची घातली. एल्डरली जिन्यातला एल्डरली गेला, कारण तो शब्द फक्त माणसांसाठी आहे, आणि त्याऐवजी प्रत्येक पायरी दहा इंच उंच आहे, कठड्याचा दोर धरून चढा, असे लिहिले. पाहुण्याला खरी गरज त्याचीच होती.

खांबांपाशी वेगळी गोष्ट निघाली. ‘जुने खांब’ लिहिताना काकांच्या मनात उलट शब्द ‘नवे’ हा नव्हता, ‘बदललेले’ हा होता. 2001 च्या भूकंपानंतर मागच्या बाजूची एक भिंत पुन्हा बांधावी लागली, पण चौकाचे आठही खांब मूळचेच राहिले, याचा त्यांना अभिमान आहे. म्हणजे येथे ‘जुने’ याचा अर्थ मूळचे, आणि इंग्रजी शब्द ओरिजिनल. एज्ड लिहिले असते तर वाचणाऱ्याला खांब थकलेले वाटले असते. खाण्यापिण्याच्या पदार्थांबद्दल, चीज किंवा मद्याबद्दल, एज्ड ही स्तुती असते, आपल्या ‘मुरलेल्या’सारखी, पण लाकडी खांबाला लावला की सूर बदलतो. एकाच विशेषणाचा सूर नामागणिक असा पालटतो, हे यादीतून कधीच कळत नाही.

झोपाळ्याचे प्रकरण जरा नाजूक होते. तो सांखेड्याचा आहे, लाखेच्या रंगकामाचा, आणि त्या घरात त्याला हिंचकाच म्हणतात. पितळी कड्यांच्या साखळ्यांपैकी डावीकडची तिसरी कडी आतून इतकी झिजली आहे की बोट फिरवले तर खाच लागते. मसुद्यात अँटिक स्विंग होते. इंग्रजीत अँटिक हा शब्द संग्राहकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या जगातला आहे. तो म्हणजे वस्तू जुनी आहे आणि तिला बाजारात त्या जुनेपणाची किंमत आहे. शिवाय आपल्याकडे 1972 च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यात पुरावशेष या वर्गात बसायला वस्तू किमान 100 वर्षांची आणि ऐतिहासिक, वैज्ञानिक वा साहित्यिक मोलाचे हस्तलिखित किमान 75 वर्षांचे असावे लागते, त्यामुळे हा शब्द छापील कागदावर सहज म्हणून लिहू नये असे माझे मत आहे. काकांनी आठवून सांगितले की झोपाळा त्यांच्या आईवडिलांच्या लग्नात आला, म्हणजे 1940 च्या आसपास. शंभर भरत नाहीत. तिथे साधा ओल्ड ठेवला. पाहुण्याने त्यावर बसून पाहावे अशी घरच्यांची इच्छा आहे, आणि अँटिकवर कोणी बसत नाही.

वह्यांसाठी ऑब्सोलीट लिहिले गेले होते. ऑब्सोलीट म्हणजे कालबाह्य, ज्याची जागा दुसऱ्या कशाने घेतली आहे आणि ज्याचा उपयोग संपला आहे. यंत्र, कायदा किंवा पद्धत ऑब्सोलीट होते. ज्या वहीने थोड्याच वेळापूर्वी घराचे वय सिद्ध केले तिला कालबाह्य कसे म्हणायचे, हे नातीलाच पटेना, आणि तिने स्वतः तो शब्द खोडला. आर्केइक हा शब्द तर घरातील ‘जुन्या माणसांना’ लागला होता. आर्केइक भाषा असते, चालीरीत असते, पण माणसे नव्हेत. तिथे ओल्डर मेंबर्स ऑफ द फॅमिली केले. एल्डरली चालले असते, मात्र ओल्डर या तुलनात्मक रूपात इंग्रजी कान अधिक मऊपणा ऐकतो, आणि काकांची बहीण, वय 71, हिला स्वतःला एल्डरली म्हणवून घ्यायचे नव्हते.

‘आमचे जुने शिक्षक’ या वाक्यात ओल्ड टीचर होते आणि ते संदिग्ध होते: वयस्क शिक्षक की पूर्वी शिकवणारे शिक्षक? मराठीतही हा घोटाळा आहे, पण आपण तो संदर्भाने निभावून नेतो. फॉर्मर लिहिल्यावर प्रश्न मिटला. मित्रांच्या बाबतीत मात्र ओल्ड फ्रेंड्स हेच बरोबर. तिथे वयाचा संबंध नसतो, मैत्रीची मुदत मोजलेली असते, आणि फॉर्मर फ्रेंड्स लिहिले असते तर मैत्री तुटली असा अर्थ झाला असता. दोन शेजारच्या वाक्यांत मराठीचा एकच शब्द आणि इंग्रजीत दोन वेगळे शब्द, त्यातला एक दुसऱ्या जागी नेला तर अनर्थ. या जोडीवर नात बराच वेळ विचार करत बसली होती. स्वयंपाकघर आउटडेटेडचे ट्रॅडिशनल झाले, शहराचा जुना भाग ओल्ड सिटी राहिला, कारण ती ठरलेली जोडी आहे.

हिशेब असा झाला: चौदांपैकी चार ठिकाणी ओल्ड राहिला, चार ठिकाणी दुसरे विशेषण आले, सहा ठिकाणी विशेषणच गेले. पुनरावृत्तीची जी भीती होती ती निराधार ठरली. चार पानांत चार ओल्ड कोणालाही खटकत नाहीत.

‘जुना’ मिटला तरी मजकुरात आणखी दोन गाठी होत्या, आणि त्यांतली एक बडोद्याच्या इतिहासाशी बांधलेली होती. मराठीत ‘ऐतिहासिक’ हा एक शब्द दोन कामे करतो. इंग्रजीत ती दोन शब्दांत वाटली आहेत. हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात महत्त्वाचे ठरलेले, हिस्टॉरिकल म्हणजे भूतकाळाशी किंवा इतिहासविषयाशी संबंधित. फाउलर यांच्या 1926 सालच्या इंग्रजी वापरकोशापासून हा भेद शिकवला जातो, आणि आजही चांगले संपादक तो पाळतात. आपली ऐतिहासिक कादंबरी ही हिस्टॉरिकल असते, मग ती प्रसिद्ध असो वा नसो. मसुद्यात महाराज सयाजीराव तिसरे यांनी 1906 साली संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले त्या निर्णयाला हिस्टॉरिकल म्हटले होते आणि काकांच्या घरातल्या मोडी कागदांना हिस्टॉरिक. नेमके उलट हवे होते. अमरेलीत 1893 साली सुरू झालेला प्रयोग पुढे संपूर्ण संस्थानाला लागू करणारा निर्णय हा हिस्टॉरिक निर्णय आहे, त्याने पिढ्या बदलल्या. चुन्याचे पैसे नोंदवणारी वही हा हिस्टॉरिकल कागद आहे, तो त्या काळाचा पुरावा आहे. काकांना घर हिस्टॉरिक म्हणायचे होते. मी विचारले की येथे अशी कोणती घटना घडली. त्यांनी एक मोठे नाव घेतले, ते येथे येऊन गेल्याचे घरात सांगतात, पण त्याला कागद नव्हता. कागद मिळेपर्यंत तो शब्द थांबवावा हे त्यांनी मान्य केले, आणि मला त्यांच्याबद्दलचा आदर त्या क्षणी वाढला असे वाटते, कारण स्वतःच्या घराबद्दलचे विशेषण मागे घेणे सोपे नसते.

दुसरी गाठ राजवाड्याची. काकांचे पणजोबा गायकवाडांच्या खानगी खात्यात कारकून होते. नातीने ‘खानगी’चा गुजरातीतला ‘खासगी’ हा अर्थ धरून प्रायव्हेट केले, मग तोचतोचपणा टाळायला त्याचे कॉन्फिडेन्शियल केले, आणि पणजोबा एका गुप्त खात्यात जाऊन बसले. खानगी खाते म्हणजे राजघराण्याच्या स्वतःच्या खर्चाचा, कोठारांचा आणि नोकरचाकरांचा कारभार पाहणारे खाते, म्हणून रॉयल हाउसहोल्ड. येथेही यादीने रॉयलबरोबर रीगल आणि किंग्ली पुढे केले होते. 1066 साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडचा राजा झाला तेव्हापासून तिथल्या दरबारात फ्रेंच शिरली, त्यामुळे एकाच अर्थाचे तीन थर इंग्रजीत साचले: किंग्ली हा जुन्या इंग्रजीतल्या ‘किंग’वरून झालेला, रॉयल फ्रेंचमार्गे आलेला, रीगल थेट लॅटिनच्या वळणाचा. आज त्यांची कामे वेगळी आहेत. रॉयल म्हणजे राजघराण्याचा, तो मालकी सांगतो. रीगल म्हणजे राजाला शोभेलसा, तो डौल सांगतो. किंग्ली मुख्यतः कथाकाव्यात भेटतो. मराठीतही असे थर आहेत आणि आपण ते बिनचूक हाताळतो: शाही लग्न, राजेशाही थाट, राजस रूप. राजवाड्याचे कोठार रॉयलच, ते रीगल होऊ शकत नाही, मग त्यात कितीही तूप साठवलेले असो.

याच पणजोबांबद्दल एक वाक्य होते, ज्याचा इंग्रजी अर्थ ‘ज्यांनी वाडा बांधला ते उशिरा आलेले आहेत’ असा होत होता. कैलासवासी या अर्थाचा लेट हा शब्द नामाच्या आधीच बसतो. क्रियापदानंतर नेला की त्याचा अर्थ उशीर. काही विशेषणांची जागा ठरलेली असते, हे मराठी माणसाला चटकन लक्षात येत नाही, कारण आपली बहुतेक विशेषणे दोन्हीकडे चालतात. थोरल्या बंधूंचेही असेच. एल्डर ब्रदर बरोबर, पण आजच्या इंग्रजीत ‘पाच वर्षांनी मोठे’ म्हणताना एल्डर दॅन म्हणत नाहीत, ओल्डर दॅन म्हणतात. थोरला आणि मोठा हा आपला भेद बराचसा तसाच आहे.

बडोदा संस्थानाने 1931 साली श्री सयाजीशासनशब्दकल्पतरू नावाचा कारभारातील शब्दांचा आठ भाषांतला कोश काढला होता. काकांनी त्याची आठवण काढली आणि म्हणाले, ‘‘त्यात एकेका शब्दाला प्रत्येक भाषेत प्रतिशब्द दिला, मग विशेषणांना तसे का होत नाही, ताई?’’ प्रश्न योग्य होता. जमीन महसूल, अपील, नाझर यांच्यामागे ठरलेली वस्तू किंवा ठरलेले पद असते, म्हणून प्रतिशब्द एकदा ठरवला की तो सर्वत्र चालतो. विशेषणाची स्वतःची वस्तू नसते. ते ज्या नामाला चिकटते त्याचा रंग घेते, म्हणून त्याचा प्रतिशब्द कोशात ठरत नाही, वाक्यात ठरतो.

शेवटी एक शब्द राहिला आणि त्यावर आमचे एकमत झाले नाही. काकांनी आपल्या वडिलांबद्दल लिहिले होते: ‘ते साधे होते.’ मराठीत ही केवढी मोठी स्तुती आहे ते सांगायला नको. इंग्रजी मसुद्यात सिंपल मॅन होते. माझी हरकत अशी की सिंपल माणसाला लागला की तो दोन दिशांना जातो: साधेपणा, आणि बुद्धीने मंद असणे. जुन्या इंग्रजी लिखाणात दुसरा अर्थ सर्रास आहे. प्लेन मॅन म्हटले तर रूपावर टिप्पणी वाटते. मॉडेस्ट म्हटले तर नम्रता येते, पण खादीचा सदरा आणि दोन वेळची भाकरी येत नाही. मी अनअझ्युमिंग सुचवला, ज्याचा अर्थ मिरवण्याची हौस नसलेला. नातीने तो मोठ्याने वाचून दाखवला. काकांनी तो दोनदा म्हणून पाहिला आणि मान हलवली. ‘‘अर्थ बरोबर असेल, पण वडिलांना हा शब्द म्हणताही आला नसता. त्यांच्याबद्दल लिहिताना त्यांना कळेल असा शब्द हवा.’’ यावर माझ्याजवळ भाषाशास्त्राचे उत्तर नव्हते, आणि असायला हवे होते असेही मला वाटत नाही.

मग नातीने वाट काढली. सिंपल हा शब्द माणसावरून उचलून तिने त्याच्या सवयींवर ठेवला: अ मॅन ऑफ सिंपल हॅबिट्स. मंदपणाचा अर्थ त्या जोडीत शिरत नाही, आणि शब्द काकांचाच राहतो. काकांनी ते वाक्य तिच्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतले, पेन उघडले आणि मसुद्याच्या शेवटच्या पानावर तारीख घालून सही केली.